वाळू मोजणाऱ्याचं नाव

पिंपळकाठ
४ जानेवारी १९९८

वृषालीताई,

जयभीम. आजवर तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात त्याच्या आधी 'सप्रेम' असायचं. आज नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

तुमच्या संस्थेची 'नदीकाठचे पहारेकरी' ही पुस्तिका मला गुरुवारी पोस्टानं मिळाली. वर तुमच्या अक्षरात 'जयमालाताईंना, आदराने'. गनीभाईंचं पंक्चरचं दुकान त्याच्या आधीच्या मंगळवारीच पाडलं. म्हणजे पुस्तिका माझ्या घरी यायच्या आधी सरपंचांकडे पोचली होती, वाळूचा ठेकेदार बन्सीशेठ याच्याकडे पोचली होती. तहसील कचेरीत तुम्हीच पाठवलीत ना, 'माहितीसाठी व कार्यवाहीसाठी'? झाली कार्यवाही.

पान अकरा काढा. गनीभाई हवेची नळी हातात धरून हसताहेत. मागं वाळूनं भरलेला ट्रक, त्याचा नंबर सुद्धा वाचता येतो. खाली तुम्ही लिहिलंय, 'निरक्षर, गरीब कारागीर गनीभाई यांनी एकट्याने वाळूचोरीचा आकडा उघड केला.' 

ताई, गनीभाई निरक्षर नाहीत. उर्दू वाचतात, एसटीच्या पाट्या वाचतात, टायरवरचं इंग्रजी तुमच्यामाझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. एकट्यानं मोजलं हेही खोटं. शुक्रवारी ते नमाजाला गेले की आमच्या वस्तीतली भिमाबाई तिथं बसायची. आणि गरीब ते नव्हते. बावीस वर्षं त्याच चढाला पंक्चर काढून त्यांनी दोन खोल्या बांधल्या, मुलीला, आयतला, दहावीपर्यंत आणलं. आता झालेत गरीब. आता तुमचं लिहिणं बरोबर ठरलं.

शहाण्णव सालचं शिबिर आठवतंय का? शाळेच्या वर्गात तीन दिवस. नगरच्या सावेडीहून तुम्ही लुनावर यायच्या, आणि आम्ही बायका आधी हसायचो, नंतर हसायचं बंद केलं. दोरीनं खड्डा कसा मोजायचा ते तुम्ही शिकवलं. सरकार नदीतली वाळू लिलावात देतं, त्या पैशातला हिस्सा पंचायतीला परत यायला पाहिजे, हे तुम्ही सांगितलं. मी राखीव जागेवर निवडून आलेली सदस्य, सातवी पास, मला ते माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, हिशोब मागणं म्हणजे भांडण नव्हे. आणि शेवटच्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंत, 'आकडा गावाचा. नाव कुणाचंच नाही.' आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. तुम्ही फळा पुसलात.

गोष्ट किती सरळ होती. लिलाव सहाशे ब्रासचा. एका ट्रकात दोन ब्रास बसते, म्हणजे तीनशे ट्रक गेले की संपलं. नदीतून वर येणाऱ्या चढाला गनीभाईंचं दुकान. भरलेला ट्रक तिथं दमतो, निम्मे तर हवा भरायलाच थांबतात. गनीभाई एका ट्रकामागं एक नट डालड्याच्या डब्यात टाकायचे. दिवस कलला की मी जायची आणि वहीत लिहायची. गेल्या साली मार्च ते मे, त्र्याऐंशी दिवस. दोन हजार एकशे चाळीस ट्रक. ओल्या वाळूचं पाणी रस्ताभर गळत जायचं, आणि इकडं वाळू गेल्यामुळं नदीत पाणी ठरत नव्हतं. आमच्या वस्तीची विहीर एप्रिलातच तळाला लागली. पंचायतीला हिस्सा किती आला? चार हजार सातशे.

हे सगळं या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवायचं ठरलं होतं. सगळ्यांनी मिळून. तुम्हाला तेवढा दम निघाला नाही.

मंगळवारी दहाच्या सुमाराला ग्रामसेवक, शिपाई आणि बन्सीशेठचा ट्रॅक्टर आला. पंचायतीनं ठराव केलाय, रस्त्यालगतची अतिक्रमणं काढायची. रस्त्यालगत सात टपऱ्या आहेत. पडली एक. गनीभाई हात जोडून म्हणाले, "सायेब, हवेची टाकी तेवढी काढून घेतो. फुटंल ती." शिपायानं मान फिरवली. साखळी लावून ओढलं. पत्रे वाकले, टाकी गटारात गेली. त्यांची बायको इमामबी दारातून बघत होती. दुसऱ्या दिवशी रमजानचा चांद दिसायचा होता.

या पत्राचं उत्तर तुमच्या हातचं पाहिजे.

जयमाला सूर्यभान साळवे
सदस्य, ग्रामपंचायत पिंपळकाठ


१९ जानेवारी १९९८

वृषालीताई,

उत्तर आलं. टाईप केलेलं. 'आपले पत्र मिळाले. आपल्या सूचनांचे स्वागत आहे. वृषालीताई दिल्ली येथे कार्यशाळेस गेल्या आहेत.' खाली प्रशांत नावाच्या कोणाची सही.

मी सूचना केली नव्हती.

कार्यशाळेचा विषयही त्यानं कळवलाय. 'नैसर्गिक साधनसंपत्तीच्या महसुलावर लोकांची देखरेख.' त्यातला एक लोक राहात्याला दुसऱ्याच्या टायरच्या दुकानात रोजावर आहे. बावन्नाव्या वर्षी मालकाचा गडी झाला. आयतची परीक्षा मार्चमध्ये, म्हणून मायलेकी इथंच आहेत.

मी इमामबीकडे दोनदा गेले. पहिल्यांदा तिनं दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी म्हटलं, "इमामबी, ही सगळी त्या ताईंची चूक." ती म्हणाली, "त्या ताई लांबच्या हायेत गं. लांबच्या मानसाचा राग करायला सोपा."

मला ते बोलणं अजून टोचतंय. मुद्दाम कळवते.

बायका मागं सरल्यात. शिबिरात आम्ही एकोणीस होतो, परवा बोलावलं तर चार आल्या. भिमाबाई म्हणाली, "जयमाला, त्याचा फोटू छापला, त्याचं दुकान ग्येलं. आता माझं नाव छापलं तर माझं काय जाईल? माझ्याकडं येक शेळी हाय." हसण्यावारी म्हणाली, पण पदर तोंडाला लावून.

माझे मालक सूर्यभान बन्सीशेठच्याच ट्रकवर ड्रायव्हर आहेत, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते. पान अकरावरचा ट्रक त्यांच्या हातचा आहे. तुम्ही फोटो काढला तेव्हा ते हवा भरायला थांबले होते, आणि चहा प्यायला गेले होते म्हणून त्यात आले नाहीत. घरात काय चाललं असेल ते तुम्हीच समजा.

सरपंच भाऊसाहेब काल रस्त्यात भेटले. गोड माणूस, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "जयमालाबाई, सव्वीसला आकडा मांडनार म्हनं? मांडा की. फक्त मोजनारा संगं आना."

मी आकडा मांडणार आहे. तुम्ही दिल्लीत तुमचा मांडा.

जयमाला


२७ जानेवारी १९९८

ताई,

काल ग्रामसभा झाली. जे झालं ते सगळं लिहिते. पुस्तिकेत घालायचं नाही.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात सभा बसली. नेहमी तीस-चाळीस माणसं असतात, काल दोनशे तरी असतील. तमाशा बघायला आले होते. मी उभी राहिले आणि वही वाचली. लिलाव किती, ट्रक किती, ब्रास किती, पंचायतीला आलं किती.

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "आकडा झकास हाय. मोजला कुनी? उभं करा त्याला. न्हाईतर उद्या मीबी म्हनंन, दोनशेच ट्रक ग्येलं. माझ्या वहीत लिवलंय."

लोक हसले. चार बायका माझ्याशेजारी बसल्या होत्या, त्या खाली बघायला लागल्या. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझ्या मालकानं मोजला."

इमामबी. रोजा धरलेला, ओठ सुकलेले, उन्हात भिंतीला टेकून उभी होती. बायकांत येऊन बसलीही नव्हती.

"मालक कुठं हायेत?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"राहात्याला. तुमी दुकान ठेवलं न्हाई, मंग ते हितं बसतील कुठं?" आता कोणी हसलं नाही. ती पुढं म्हणाली, "दुकान पाडायचा ठराव वाचा. कुनाकुनाच्या सह्या हायेत, त्याबी वाचा. गावाला कळू द्या."

ग्रामसेवक म्हणाला, ठरावबुक कपाटात आहे. कुणीतरी ओरडलं, कपाट उघडा. भाऊसाहेबांनी मान हलवली. बुक आलं. ग्रामसेवक चष्मा शोधायला लागला. तेव्हा इमामबी म्हणाली, "जयमाला, तू वाच. तू शिकलेली हायेस."

तिला माहीत होतं, ताई. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून दार उघडलं नव्हतं.

मी वाचलं. 'रस्त्यालगतची सर्व अतिक्रमणे काढण्यात यावीत.' खाली सात सह्या. सहा नावं वाचली आणि थांबले. मग सातवं वाचलं. सौ. जयमाला सूर्यभान साळवे.

मी सभेला सांगितलं, "मी न वाचता सही केली. माझं चुकलं." बायकांनी चुकचुक केली. बिचारी, फसवली तिला, असं झालं.

ते खोटं होतं. गावाला खोटं सांगितलं, तुम्हाला खरं लिहिते, कारण तुम्ही माझ्या कोणी नाही आहात आणि तुमच्यापुढं मान खाली घालायची मला आता गरज उरलेली नाही.

मी ठराव वाचला होता. तुम्हीच शिकवलं होतं, वाचल्याशिवाय सही नाही. बावीस डिसेंबरच्या मासिक बैठकीत भाऊसाहेबांनी आधी तुमची पुस्तिका माझ्यापुढं सरकवली. पान अकरा मुडपून ठेवलं होतं. मग ठरावबुक सरकवलं. पुस्तिका गुरुवारी मिळाली असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, जणू त्याआधी पाहिलीच नव्हती, तेही खोटं. त्या दिवशी सकाळी घरी सूर्यभान म्हणाले होते, "शेठनं इचारलंय, बायकू तुझी हाय का गनीची. आज सही झाली न्हाई तर गाडीची चावी ठिवायची." मी 'सर्व' हा शब्द दोनदा वाचला. मनाशी म्हटलं, सर्व म्हणजे सात टपऱ्या, सात कोण पाडतंय, कागदावरच राहील. मला माहीत होतं की नाही राहणार. आणि मी सही केली.

आठ दिवस नोटीस दुकानावर होती. त्या आठ दिवसांत मी गनीभाईंकडं गेले नाही. एकदाही नाही. बाजाराला लांबच्या रस्त्यानं गेले.

म्हणून तुमच्यावर एवढा राग करत होते. तुमच्यावरचा राग खोटा नव्हता, आजही नाही. पण त्यातला निम्मा माझा माझ्यावरचा होता, तो तुमच्या नावावर टाकला होता.

काल पुढं काय झालं ते सांगते. मी खाली बसले. आता काही होत नाही, असं वाटत होतं. भाऊसाहेब म्हणाले, "झालं ना? मंग पुढचा विषय." तर भिमाबाई उठली. ती कधी चारचौघांत बोललेली नाही. म्हणाली, "शुक्रवारचं मी मोजल्यात. माझं नाव लिवून घ्या." बसली. लगेच उठली. "भिमाबाई लिवू नका, भिमाबाई दगडू साळवे लिवा. गावात भिमाबाया लई हायेत."

मग तिच्याशेजारची साळूबाई उठली. मग वरच्या आळीतले भिमाजी उठले. आमच्या वस्तीवर पाणी भरायला कधी न आलेला माणूस, पण नदीकाठची त्यांचीही विहीर गेलीय. "मोजलं न्हाई मी," म्हणाले, "पर खड्डं माझ्या बांधाला टेकल्यात. पंचायतीनं मोजावं. मी दोरी धरतो."

नदीतल्या खड्ड्यांची मोजणी करावी, असा ठराव लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं बायकांनी ठरवलं. भाऊसाहेब म्हणाले, तहसीलला तोंडी कळवतो. बायका उठल्या नाहीत. ते जेवून आले. बायका तिथंच. अडीच वाजता ग्रामसेवकानं लिहिला. मी वाचला. सही करायच्या आधी तीनदा.

इमामबी तोवर निघून गेली होती.

जयमाला


९ एप्रिल १९९८

वृषालीताई,

तुमचं पत्र आणि पाचशे रुपयांची मनीऑर्डर मिळाली. हातचं पत्र आहे, चार पानी. 'हेतू चांगला होता' हे त्यात तीन वेळा आलंय. बन्सीशेठलाही विचारा, त्याचाही हेतू असाच काहीतरी असेल. नदी साफ करत होतो म्हणेल.

आधी मोजणीचं. लोकसभेची निवडणूक होती म्हणून महिनाभर कोणी फिरकलं नाही. चोवीस मार्चला कचेरीची माणसं आली. बन्सीशेठनं चार खड्डे आधीच माती लोटून बुजवले होते, पण भिमाजींनी आणि आम्ही फेब्रुवारीतच दोरी लावून सगळे मोजले होते, कागदावर उतरवून पाच जणांच्या सह्या घेतल्या होत्या. बुजवलेली जागा आम्ही दाखवली, तिथं पहार सरळ आत गेली. पंचनाम्यात तीन हजार नऊशे ब्रास आली. आमच्या आकड्यापेक्षा पावणेचारशेच्या आसपास कमी. दंडाची नोटीस निघालीय, बन्सीशेठ नगरला अपिलात गेलाय, ते किती वर्षं चालेल देव जाणे. पण यंदा लिलाव झालेला नाही. चढावर ट्रक नाहीत. विहिरीला अजून परसभर, माणूस बुडेल एवढं, पाणी आहे.

सूर्यभानची गाडी गेली, मी सही करूनही गेली. ते घरात असतात, जेवतात, माझ्याशी बोलत नाहीत. मुलांमार्फत मीठ मागतात.

पाचशे रुपये घेऊन मी रविवारी राहात्याला गेले. ते तुम्ही गनीभाईंसाठी पाठवलेत असं लिहिलं होतं. मला जायचं धाडस होत नव्हतं, तुमच्या पैशाचं निमित्त मिळालं. दुकान बाजार समितीच्या रस्त्याला आहे. ते टायर उलटा करून आतून हात फिरवत होते. मी म्हटलं, "गनीभाई, मी सही केली होती. वाचून केली होती." हे आधी म्हटलं, बाकी नंतर.

ते हात फिरवत राहिले. खिळा सापडला, तो काढला. मग म्हणाले, "इमामबीनं सांगितलं हुतं." टायर सुलटा करत विचारलं, "मोजनी झाली का?"

मी सांगितलं.

"तीन हजार नऊशे," म्हणाले. "माती लोटलेली धरून आपलाच बरोबर हाय. मी येकबी नट जास्ती टाकला नव्हता, बाई." आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

पैसे घेतले नाहीत. "हवेची टाकी पाच हजाराची येती. ताईंना म्हनावं, पाचशेत टायरबी भरत न्हाई." परत पाठवते आहे.

आता पुण्याच्या कार्यक्रमाच्या बोलावण्याचं. 'तुमचा अनुभव मांडायला या, जाण्यायेण्याचा खर्च संस्था करील.' मी येणार नाही. तुम्ही इकडं या. एक मेला ग्रामसभा आहे, सकाळी दहा वाजता. आमच्या गावाच्या नावावर तुमच्या संस्थेकडं तीन वर्षांत किती पैसे आले, कुठून आले, कशावर खर्च झाले, पुस्तिकेला किती लागले, याचे कागद घेऊन या. नदीचा हिशोब विचारायला तुम्ही शिकवलं. संस्थेचा विचारायला कोणी शिकवावं लागत नाही.

भाऊसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. त्यांच्या आनंदासाठी बोलावत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

जयमाला


३ मे १९९८

वृषालीताई,

तुम्ही आलात. मला वाटलं होतं प्रशांतला पाठवाल.

परवा तुम्हाला एसटीत बसवताना नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही कागद वाचलेत. तीन वर्षांत सहा गावांसाठी तीन लाख दहा हजार. त्यात आमच्या गावात प्रत्यक्ष खर्च अकरा हजार. पुस्तिका छपाई आणि प्रकाशन अडतीस हजार. जानेवारीत ठरावाखालचं माझं नाव वाचताना माझा आवाज झाला होता, तसाच हे वाचताना तुमचा झाला होता. चोरी नव्हती त्यात, ते आम्हालाही दिसत होतं. पण आमच्यापेक्षा आमच्या गोष्टीवर तिपटीहून जास्त पैसा लागला, हे तुम्हालाही पहिल्यांदाच दिसलं असावं.

मग इमामबीनं विचारलं, "माझ्या मालकाचा फोटू काढला तवा त्यांना इचारलं हुतं का?"

तुम्ही म्हणालात, "विचारलं होतं. ते हो म्हणाले. केस विंचरून आले."

हे मला माहीत नव्हतं. इमामबीलाही नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं. चार महिने ती जे धरून होती ते एकदम हातातून गेलं. भाऊसाहेब खुर्चीत सावरून बसले. मला वाटलं, आता ती खाली बसेल. 

ती म्हणाली, "व्हय, म्हनले आसतील. बावीस वर्सांत कुनी त्यांचा फोटू काढला न्हवता. पन ताई, त्यांनी हो म्हनलं, ते फोटूला. तो फोटू कुठं कुठं जानार, हे त्यांना ठाव हुतं का तुमाला?"

तुम्ही म्हणालात, "मला." आणि रडलात.

बायकांना वाईट वाटलं. साळूबाईनं पाणी दिलं. मला वाईट वाटलं नाही. पण तुम्ही पळवाट काढली नाहीत, ते मी पाहिलं. मग मला माझं राहिलेलं बोलावं लागलं. जानेवारीत न वाचता सही केली म्हणाले होते, ते दुरुस्त केलं. या वेळी कोणी चुकचुकलं नाही. भिमाबाई माझ्याशेजारून उठून पलीकडं जाऊन बसली. ती अजून बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

संस्थेनं टाकी आणि कॉम्प्रेसर घेऊन द्यायचा, पंचायतीनं चढाची जागा गनीभाईंच्या नावे भाड्यानं द्यायची, असे दोन्ही ठराव झाले. सह्याही झाल्या. काल इमामबी राहात्याला जाऊन त्यांना विचारून आली. ते नाही म्हणाले. टाकी राहात्यालाच पाठवा म्हणाले. आयतचा निकाल लागला की मायलेकीही जाणार. खोल्या विकायला काढल्यात. तेव्हा जागेचा ठराव बुकातच राहील, आणि गावानं न्याय केला असं तुम्ही कुठं लिहू नका. गावानं उशीर केला.

एसटीत चढताना तुम्ही म्हणालात, नदीच्या खालच्या अंगाला आणखी दोन गावांतून बोलावणं आलंय, आमची मोजणी ऐकून. पण आता शिबिर घ्यायची हिंमत होत नाही, संस्था सोडावी म्हणते.

सोडू नका. फार सोयीचं होईल ते, तुम्हाला आणि बन्सीशेठलाही. तो आता खालच्याच गावांत लिलाव घेतोय.

शिबिर घ्या आणि मला कळवा. एसटीचं भाडं मी माझं भरीन. दोरी, खड्डे, लिलावाचे कागद, हे तुम्ही चांगलं शिकवता, ते तुम्हीच शिकवा. पण पहिल्या दिवसाचा पहिला तास माझा. गनीभाई कोण होते, कसे मोजायचे, कुणी छापलं आणि कुणी सही केली, हे सगळं मी त्या बायकांना सांगणार आहे, नावानिशी, तुमच्या आणि माझ्या. इमामबीला विचारलंय, गनीभाईंनाही विचारायला लावलंय. त्यांचं नाव कुठं कुठं जाणार तेही सांगून. ते म्हणाले, सांगा.

ऐकून ज्यांना उठून जायचंय त्यांना जाऊ द्यायचं. राहतील त्यांना घेऊन पुढं शिकवायचं.

त्या तासाला तुम्ही फळ्यापाशी उभं राहायचं नाही. खाली सतरंजीवर बसायचं, बायकांच्यात.

जयमाला